म्हसोबासाठी सोडलेली दोन खांबांची जागा

सोलापुरात सासरी आले तेव्हा मी स्वतःला भारी हुशार समजत होते. वय एकोणीस, माहेर माढ्याकडचं एक खेडं, मॅट्रिकला एकदा नापास, दुसऱ्यांदा कुणी बसूच दिलं नाही. एवढ्या भांडवलावर माणसानं किती ताठ चालावं? पण मी चालत होते. ती पोरगी आज समोर आली तर आधी तिला जेवू घालीन आणि मग तिचा कान धरीन. तिच्या एका हुशारीपायी एक म्हातारी भिंतीखाली गाडली जायची वेळ आली होती, आणि का, ते त्या पोरीशिवाय दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं घर माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर गुडघाभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गार, पण डोक्यावर एक शेतच पसरलेलं म्हणा ना. घरात आम्ही तिघं. नवरा शाळामास्तर, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मीही आईच म्हणायचे. गुडघ्यांनी त्यांना दगा दिला होता. दक्षिणेकडच्या खोलीत भिंतीला लागून त्यांची बाज होती. भिंतीला पाठ टेकून त्या वाती वळायच्या, डाळी निवडायच्या आणि मला हाका मारायच्या. त्या घरात नवरी होऊन आल्या तेव्हापासून ती खोली त्यांची.

त्या भिंतीच्या पलीकडं पंधरा-वीस पावलांची मोकळी पट्टी होती आणि पट्टीच्या पुढं लोहारकामाचं वर्कशॉप. मागांचे सुटे भाग, बैलगाडीचे आस, असली कामं तिथं चालायची. मालक पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, मेंदीनं रंगवलेली दाढी, बोलायला मऊ. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचे कामगार दिवसातून दहा वेळा आमच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. कशाला, ते लिहीत नाही. वास मात्र थेट आईंच्या खिडकीतून आत यायचा. नवऱ्यानं चाचांना दोनदा सांगितलं, चाचांनी दोन्ही वेळा कामगारांना झापलं, दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले.

तेव्हा मी माझं डोकं चालवलं. घरातला वरवंटा मधोमध तुटून अर्धा उरला होता. तो घेतला, शेंदूर तेलात कालवून त्याला फासला आणि एका मंगळवारी दुपारी, गल्ली पेंगत असताना, आईंच्या खिडकीसमोर भिंतीपासून पाच-सहा पावलांवर नेऊन बसवला. पुढं एक लिंबू आणि दोन उदबत्त्या. तिसऱ्या दिवसापासून तिथं एकही माणूस उभा राहिला नाही. मी चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून हसले. आईंनी विचारलं, काय झालं गं. धूर गेला डोळ्यात, म्हटलं.

पुढचं मात्र मी योजलेलं नव्हतं. आठवड्याभरात दुसरंच लिंबू दिसलं, माझं नसलेलं. मग कुणी तेल घातलं, कुणी नारळ फोडला. कामगार चपला काढून तिथून जायला लागले. शेंदराचा थर इतका चढला की वरवंट्याला खांदे आल्यासारखे दिसायला लागले. भिंतीपाशीचा म्हसोबा, असं त्याचं नाव पडलं. आणि सगळ्यांत मोठी भक्त निघाली आमच्या घरात. सणाला पुरण शिजलं की आई आधी मला सांगायच्या, म्हसोबाला ठेवून ये. मी मुकाट्यानं पान वाढून माझ्याच वरवंट्यापुढं ठेवून यायचे. त्या खिडकीतून हात जोडायच्या आणि म्हणायच्या, माझ्या पाठीशी येऊन बसलाय. दीड-दोन वर्षं मला या सगळ्याची गंमत वाटत होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून काही काळ लोटला असेल, तेव्हा चाचांनी घणाचं यंत्र आणलं. मोटारीवर चालणारं, लोखंडाचा भला मोठा ठोकळा वर उचलून ऐरणीवर आपटणारं. पहिला घाव पडला तेव्हा मी भाकरी थापत होते. कानापेक्षा तो मांडीला जास्त लागला. मांडणीवरची भांडी एकमेकांवर आपटून किणकिणली, फळ्यांच्या फटीतून बारीक माती माझ्या भाकरीवर सांडली. कोयनेचा भूकंप तेव्हा लोकांच्या बोलण्यातून गेला नव्हता. मी परातीवर हात धरून तशीच बसले. पुढचा घाव पडला, पुन्हा माती. मग सवयीनं एक गोष्ट कळली. घाव पडताना भीती वाटत नाही. ती दोन घावांच्या मध्ये वाटते.

महिन्याभरात आईंच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून एक भेग निघाली. आधी केसासारखी, मग तिच्यात नख जायला लागलं. भिंतीनं आतल्या बाजूला पोट काढलं. तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरलं होतं तिथं बोटभर ताजं लाकूड दिसायला लागलं, म्हणजे इतकी वर्षं भिंतीत झाकलेलं लाकूड बाहेर सरकलं होतं. नवऱ्यानं ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. तो खोलीच्या मधोमध उभा राहून वर बघत राहिला. बघता बघता मागं मागं सरकत दारात जाऊन उभा राहिला. त्याची ती मागं सरकणारी पावलं पुढं कित्येक महिने, भिंतीकडं बघितलं की मला आठवायची.

आईंना आम्ही मधल्या खोलीत चला म्हणून विनवलं. त्या बाजेला हातसुद्धा लावू देईनात. कोपऱ्यातल्या भेगेकडं त्या बघायच्याच नाहीत. म्हसोबा हाय की भाईर, एवढंच म्हणायच्या.

आणि इथं मला दुसरी भीती चिकटली. देव खोटा असेल तर त्याला राग येणार नाही, असं हुशार माणूस म्हणतो. पण खोटा देव बसवला म्हणून खऱ्याला राग येणार नाही, हे कशावरून? मी पाणी भरायला जाताना त्या पट्टीकडं बघायचं टाळायला लागले. कधी नजर गेलीच तर वाटायचं, तो वरवंटा मला ओळखतोय. इतर लोक त्याला घाबरायचे कारण त्यांना तो देव वाटायचा. मी घाबरायचे कारण तो देव नाही हे मला ठाऊक होतं. यातली कुठली भीती जास्त मूर्खपणाची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवऱ्याचा एक शाळूसोबती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला, भिंत बघितली आणि चहाला नाही म्हणाला. त्या काळात चहाला नाही म्हणणं म्हणजे प्रकरण गंभीर. त्यानं आम्हाला अंगणात बसवलं. घमेल्याच्या तळाला ओली माती थापली, तिच्यात तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, एकीजवळ एक अशा ओळीनं उभ्या रोवल्या आणि वरून पाणी ओतलं. मग एका बाजूला बोट आपटून लाटा उठवल्या. लाटा तुराट्यांपर्यंत जोरात यायच्या, पलीकडं मात्र पाणी जेमतेम डुलायचं. घणाचा हादरा जमिनीतून असाच पसरत येतो, तो म्हणाला. भिंतीला टेकू देऊन तो थांबत नाही, कारण भिंत उभी आहे त्याच जमिनीत. त्याला वाटेतच, जमिनीच्या आत अडवायचं. घण आणि घर यांच्या मध्ये काँक्रीटच्या खांबांची ओळ पुरायची, दोन खांबांत वीतभर अंतर, मुरूम लागेपर्यंत खोल. नवऱ्यानं विचारलं, त्यापेक्षा सरळ चर खणला तर? तो म्हणाला, चर जास्तच चांगला, पण काळ्या मातीत तो उभा राहणार नाही. पाऊस पडला की ढासळेल आणि जाताना तुमचा पाया घेऊन जाईल.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. अम्मा पे दीवार गिरी तो मैं किसको मूं दिखाऊं, एवढंच त्यांनी म्हटलं आणि त्याच दिवशी घण थांबवला. खांबांचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मित्रानं जमीन पोखरायचं एक भलं मोठं गिरमिट मिळवून दिलं, कागदावर ओळीचा नकाशा काढून दिला, कुठं किती अंतर ते लिहून दिलं आणि सुट्टी संपली म्हणून परत गेला. नकाशात घर होतं, वर्कशॉप होतं, घण होता. म्हसोबा नव्हता. नकाशा काढणाऱ्याला तिथला दगड म्हणजे फक्त दगड वाटला होता, आणि तसं वाटणारी सोलापुरात तेव्हा दोनच माणसं होती. दुसरी मी.

तीन बांबूंच्या तिकाटण्याखाली ते गिरमिट लटकायचं आणि चार मजूर त्याचा दांडा छातीनं रेटत गोल गोल फिरायचे, तेलाच्या घाण्याच्या बैलासारखे. भोकातून आधी काळी माती यायची, मग पिवळसर मुरूम. सळ्यांचा पिंजरा सोडायचा, काँक्रीट भरायचं, पुढचं भोक. मी रोज आईंच्या खिडकीतून बघायचे. ओळ पूर्वेकडून सरकत सरकत म्हसोबाजवळ आली.

त्या दिवशी दुपारी गिरमिट थांबलं. मजूर आपसात तेलुगूत काहीतरी बोलले. एकानं चाचांना बोलावलं. चाचा आले, दगडाकडं बघितलं, आमच्या खिडकीकडं बघितलं आणि हातानं खूण केली. मजुरांनी तिकाटणं उचललं, दगडाला लांबून वळसा घातला आणि पलीकडं नेऊन पुन्हा उभं केलं. मध्ये दोन खांब बसतील एवढी जागा सुटली. आईंनी समाधानानं मान हलवली आणि मजुरांना गूळ-शेंगा द्यायला मला पाठवलं.

तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर दोन नारळांत प्रकरण मिटलं असतं. मी शेंगा वाटून आले. मला काय कळतंय त्यातलं, असं मी स्वतःला सांगितलं. एरवी जगातलं सगळं कळणारी मी, त्या दिवशी मला अडाणी होणं फार सोयीचं वाटलं.

खांब महिनाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवले, मग त्यांच्यावर माती ओढली. वर काही दिसेना. घण पुन्हा सुरू झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात मांडणीसमोर श्वास धरून उभी होते. भांडी गप्प. फळ्यांतून माती नाही. मी तिथंच जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. नवऱ्यानं मित्राच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्या भेगांवर कणकेच्या खळीनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी फाटली तर भेग अजून हलतेय, शाबूत राहिली तर निजली. स्वयंपाकघरातल्या पट्ट्या शाबूत राहिल्या. मधल्या खोलीतल्याही. आईंच्या खोलीतली पट्टी तिसऱ्या दिवशी मधोमध फाटली.

मी ती काढून दुसरी चिकटवली. कुणाला सांगितलं नाही. ती एका दिवसात फाटली. मग मी तिसरी लावली, दुहेरी कागदाची, खळ जास्त घालून. जणू कागद जाड केला की भिंत ऐकणार होती. शनिवारी सकाळी मी आईंना न्हाणीघरात बसवून त्यांच्या डोक्यावर पाणी घालत होते आणि घण चालू होता. खोलीतून धप्प आवाज आला. जाऊन पाहिलं तर खिडकीच्या वरचा एक दगड निसटून बाजेवर पडला होता, पायथ्याशी, जिथं आईंचे पाय असायचे तिथं. नारळाएवढा दगड. गोधडीत रुतून बसला होता.

मी तो उचलून पदराखाली घेतला आणि परसात फेकला. हे मात्र लपलं नाही, कारण भिंतीतली खोबण उघडी पडली होती. नवरा शाळेतून आला, त्यानं ती बघितली आणि तसाच चाचांकडं पळाला. घण थांबला. मित्राला निरोप गेला. तो रविवारी आला, नकाशा हातात घेऊन, जागोजागी माती उकरून बघत ओळीच्या एका टोकापासून निघाला आणि मध्ये दगडापाशी थबकला. इथले दोन खांब कुठं गेले, त्यानं विचारलं. मग आईंची खिडकी बघितली, तुळई बघितली आणि कपाळाला हात लावला. सगळी ओळ पक्की आणि नेमकं तुळईसमोर भगदाड, तो म्हणाला. हादरा तिथून आत शिरतोय आणि समोरच्याच भिंतीवर येतोय. ती दोन भोकं पाडून भरल्याशिवाय घण सुरू करायचा नाही, आणि म्हातारीला या खोलीत ठेवायचं नाही.

चाचांनी दोन्ही हात कानांना लावले. "अम्मा का देव है वो. मेरेकू बोलो घण बेच दे, बेचता. वो पत्थर हिलाने कू नको बोलो." मजुरांनी तर विषयच ऐकून घेतला नाही. मित्र म्हणाला, मी उचलतो. नवऱ्यानं त्याला हाताला धरून खाली बसवलं, कारण गल्लीतली दहा-बारा माणसं तोवर जमली होती आणि त्यांचे चेहरे बरे नव्हते. चाचा म्हणाले, आधीच महिन्यावर काम बुडालंय, अजून आठवडाभर घण बंद ठेवतो, त्यापुढं ठेवला तर कामगार दुसरीकडं जातील. आणि आई, खोली सोडा म्हटल्यावर, बाजेची कड धरून बसल्या. दगड पायापाशी पडला, डोक्यात न्हाय, म्हंजी राखलं की त्येनं, असा त्यांचा हिशेब.

म्हणजे देव हलवायचा नाही, आई हलणार नाहीत, घण फार दिवस बंद राहणार नाही. आणि हे सगळं माझ्या अर्ध्या वरवंट्यावर येऊन अडलेलं. पुढचे दोन दिवस मी त्या खोलीत जेवणाचं ताट घेऊन गेले की आधी वर बघायचे, मग आईंकडं. घण बंद असूनही कान त्याचीच वाट बघायचे. पाय दारात, नजर तुळईवर, आणि मनात एकच चाललेलं, आत्ता पडली तर मी मारलं हिला.

तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला. मग हसणं थांबलं. मग खिडकीपाशी जाऊन बाहेर बघून आला आणि हळू आवाजात विचारलं, शेंदूर लावलास तेव्हा अंघोळ केलेली होतीस ना? इतका शिकलेला माणूस. आईला तूच सांग, म्हणाला, माझ्यानं होणार नाही.

दुपारी मी आईंच्या बाजेपाशी खाली बसले. त्या वाती वळत होत्या.

"आई, तो म्हसोबा मी बसवलाय."

"बसव की," त्या वर न बघता म्हणाल्या. "कुटं?"

मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. वास, कामगार, मंगळवार, शेंदूर. आणि तुटलेला वरवंटा, ज्याचा उरलेला अर्धा तुकडा कुठं गेला असं त्यांनी विचारलं होतं तेव्हा मी भंगारवाल्यावर ढकललं होतं. आईंच्या हातातली वात तशीच राहिली.

"कुनी सांगितलं तुला असं करायला?"

"कुणी नाही. माझ्याच डोक्यात आलं."

"तुज्या डोक्यात," त्या म्हणाल्या. "आमटीत मीठ घालायचं तुज्या डोक्यात येत न्हाय. आन ह्ये आलं व्हय? आपसूक येतंय का असलं? त्येनं आणलं म्हनून आलं."

मी रडायला लागले. नाही हो, मी खोटं केलं, तो नुसता वरवंटा आहे, असं मी म्हणत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी कबुली देत होते आणि ती कुणी घ्यायलाच तयार नव्हतं.

"वास ऱ्हायला का मग?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं की."

"आई, त्याच्यापायी ओळीत भोक राहिलंय. ही भिंत पडेल. तुमच्यावर पडेल."

इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. आम्ही सगळे वळसे घालून बोलत होतो. त्यांनी वात मांडीवर ठेवली. मग मागं हात नेऊन तळवा भिंतीला लावला, अगदी भेगेच्या शेजारी. नजर न टाकता त्यांना ती जागा बरोबर सापडली.

"रोज हात लावून बगते मी," त्या म्हणाल्या. "काल कुटवर हुती, आज कुटवर आली. मला काय कळत न्हाय व्हय? लई भ्या वाटतं. पर ह्या गुडघ्यांनी एकदा ही खोली सोडली, तर मला माघारी कोन आणून बसवतंय? ही खोली मंग सामानाची हुईल. म्हनून बसलीया. आन त्यो भाईर हाय म्हनून बसवतं."

 त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटत होती आणि त्या तिच्यावर देव ठेवून बसल्या होत्या, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

त्यांनी ती वात उचलून पुरी वळली. "ज्या हातानं बसला त्याच हातानं उठंल," म्हणाल्या. "मंगळवारी. उपाशी ऱ्हा. दुसऱ्या कुनी बोट लावायचं न्हाय."

मंगळवारी सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या लुगड्यानं मी पट्टीत उतरले. सगळी गल्ली जमलेली. चाचा डोक्याला रुमाल बांधून लांब उभे होते, मजूर त्यांच्याही मागं. वर खिडकीच्या गजांतून आईंचा चेहरा. मी दगडापुढं बसले. दीड-दोन वर्षं ज्याला मी वरवंटा म्हणत होते त्याच्यात त्या दिवशी मला वरवंटा दिसेना. मी दोन्ही हातांनी धरला आणि उचलला. तो हलला नाही.

पुन्हा जोर लावला. नाही. गर्दीत कुणीतरी श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं.  आज कळतं, दोन वर्षांचं तेल आणि शेंदूर मातीत मुरून तो जमिनीला चिकटून बसला होता. तेव्हा वाटलं, त्यानं मला धरलंय.

खिडकीतून आवाज आला, "माफी माग की आदी."

मी मागितली. तोंडातल्या तोंडात, पण अगदी खरी मागितली. कुणाची, ते विचारू नका. मग अंगातला सगळा जोर लावून हिसका दिला आणि तो निघाला. मी मागच्या मागं बसले, दगड मांडीवर, शेंदूर हातांना, नाकाला, सगळीकडं. कुणी हसलं नाही. पट्टीच्या टोकाला कडुलिंबाच्या झाडाखाली चौथरा तयार होता, तिथं नेऊन तो ठेवला. नारळ फुटला. मजुरांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिकाटणं उचललं.

दोन भोकं, दोन खांब. पुन्हा गोणपाट, पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. चाचांनी थांबलेल्या कामगारांना तोवर हातघणाचं काम दिलं, दोघे तरी सोडून गेलेच. गवंड्यानं भिंतीतली खोबण भरली, तुळईखाली एक लाकडी टेकू उभा केला, पण काम करताना त्याचं एक पाऊल दाराकडंच होतं.

घण सुरू करायच्या दिवशी मित्र मुद्दाम आला. त्यानं भेगेवर नवी पट्टी चिकटवली आणि सगळ्यांना घराबाहेर जायला सांगितलं. आई बाजेवर बसल्या होत्या, नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून. त्या उठेनात. खांब काय दिसत न्हाईत, त्या म्हणाल्या, मी बसल्याबिगर कळंल कसं कुनाला? नवऱ्यानं विनवणी केली, मग आवाज चढवला, मग तो पाया पडला. मित्र घड्याळ बघत उभा. शेवटी ते दोघं दारात गेले.

मला बाहेर जायचं होतं. हे लपवत नाही. सगळं अंग दाराकडं ओढत होतं. पण ती भिंत पडली तर कुणामुळं, हे मला ठाऊक असताना दारात उभं राहून बघणं जमेना. मी जाऊन त्यांच्या शेजारी बाजेवर बसले. पाठ भिंतीला लावली. मातीचा गारवा लुगड्यातून आत आला. आईंनी माझ्याकडं बघितलं आणि सरकून जागा दिली. बाहेरून चाचांनी विचारलं, चालू करू का.  आईंनीच ओरडून हो म्हटलं.

घाव पडला. मी डोळे मिटून त्यांचा हात घट्ट धरला. दुसरा पडला. तिसरा. पाठीमागं काहीतरी थरथरत होतं, मला स्पष्ट कळत होतं, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"आई, भिंत हलतेय," मी म्हटलं. "आई, चला."

त्यांनी मोकळ्या हाताचा तळवा मागं नेऊन भिंतीला लावला. दोन घाव तसाच ठेवला. मग तोच तळवा माझ्या पाठीवर ठेवला.

"भिंत न्हाय," त्या म्हणाल्या. "तू हलतीस. नीट बस."